शिकवण्याच्या कामाची हजेरी कोण मांडणार?

या पानांवर पगार, पेन्शन, बदल्या आणि रिक्त जागा यांबद्दल भरपूर लिहून येते, आणि ते आलेच पाहिजे. पण रेल्वेच्या प्रत्येक शेडमध्ये आणि टपालाच्या प्रत्येक सॉर्टिंग हॉलमध्ये एक काम रोज चालते, ज्याची नोंद कोणत्याही मस्टरवर सापडणार नाही. नव्या माणसाला हाताशी धरून काम शिकवणे हे ते काम. साहेब एका नव्या मुलाला आणून उभा करतो, "याला जरा बघा" म्हणतो आणि निघून जातो. ज्याच्या हवाली तो मुलगा केला, त्याचे स्वतःचे काम एका डब्यानेही कमी होत नाही की एका पिशवीनेही कमी होत नाही. शिकवणे जमले तर साहेबांचे नियोजन चांगले, आणि नवा मुलगा चुकला तर चार्जशीट शिकवणाऱ्याला.

हा प्रश्न या वेळी मी मुद्दाम रुग्णालयाच्या एक्स-रे विभागाच्या बाजूने मांडतो आहे. मी कॅरेज-वॅगनचा माणूस, शिक्षण मॅट्रिक. क्ष-किरणांचे शास्त्र मला शाळेत कोणी शिकवलेले नाही. पण आमच्या शाखेत रुग्णालयातील कर्मचारी सभासद आहेत, आणि त्यांचे प्रश्न घेऊन प्रशासनापुढे बसायचे तर त्यांचे काम समजून घ्यावेच लागते. शिवाय पी.एम.ई.च्या निमित्ताने आपण सगळेच कधी ना कधी त्या अंधाऱ्या खोलीत छाती पुढे करून उभे राहिलो आहोत. काचेपलीकडून "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणणारा माणूस ते काम कोणाकडून शिकला, हा विचार आपल्या मनात येत नाही. माझ्याही मनात फार उशिरा आला.

तो आला आमच्या एका निवृत्त गार्डच्या मुलीमुळे. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचे असा आदेश २०२२ साली निघाला. नाव मोठे झाले, पगाराची श्रेणी होती तीच राहिली. तर त्यांची ही मुलगी मुंबईत रेडिओग्राफीची पदवी घेऊन काही वर्षे खासगी रुग्णालयात राबली आणि नंतर इंग्लंडला गेली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ती आधी रेडिओग्राफर होती, आता प्रॅक्टिस एज्युकेटर आहे. सुटीवर आली तेव्हा वडिलांबरोबर युनियन ऑफिसात आली. "काका, मी आता फोटो कमी काढते आणि शिकवते जास्त," असे ती म्हणाली तेव्हा मला वाटले, कॉलेजात नोकरी लागली असेल. तसे नव्हते. ती रुग्णालयाचीच नोकर आहे, त्याच खोल्यांमध्ये उभी असते. फक्त तिचे काम शिकवण्याचे आहे, आणि त्या कामाचे तिला पद आहे, तास आहेत आणि पगार आहे. मी तिला दोन तास सोडले नाही. तिच्या वडिलांचा चहा तीनदा झाला.

तिथली व्यवस्था थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर होण्यासाठी साधारण तीन वर्षांची पदवी लागते आणि त्यातला निम्म्याच्या आसपास काळ विद्यार्थी रुग्णालयात काढतो. पदवी झाल्यावर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या मंडळाकडे नाव नोंदवावे लागते, त्याशिवाय रेडिओग्राफर हे नावसुद्धा लावता येत नाही. रुग्णावर किरण टाकण्याबाबत तिथे २०१७ चे कायदेशीर नियम आहेत. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की पुरेसे प्रशिक्षण न झालेल्या माणसाने हे काम करायचे नाही. सूट फक्त शिकाऊ माणसाला, आणि तीही प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. कोणाचे कोणते प्रशिक्षण झाले याची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे देखरेख ही मेहरबानी राहिली नाही, कायद्याची अट झाली. आणि कायद्याने अट घातली की ती पाळायला माणूस लागतो, माणसाला वेळ लागतो. तिथल्या प्रॅक्टिस एज्युकेटरच्या पदामागे हा हिशेब आहे.

मुलगी सांगते त्याप्रमाणे तिचा दिवस असा असतो. सकाळी ती कोण कोणत्या खोलीत आहे ते पाहते. पहिल्या वर्षाची मुले छातीच्या आणि हातापायांच्या फोटोला, तिसऱ्या वर्षाची मुले अपघात विभागात किंवा ऑपरेशन थिएटरात सी-आर्मवर. प्रत्येकाच्या डोक्यावर ती स्वतः उभी राहत नाही. उभा राहतो तो त्या खोलीचा रेडिओग्राफर. पण त्या रेडिओग्राफरला शिकवावे कसे, चूक दाखवताना रुग्णासमोर काय बोलू नये, विद्यार्थ्याच्या हातात बटण कधी द्यायचे, हे ती त्याला शिकवते. शिकवणाऱ्यांना शिकवणारी, असे म्हणा. शिवाय नुकतेच रुजू झालेले रेडिओग्राफर, परदेशातून आलेले, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बायका, नवे मशीन आले की त्यावर बसणारे जुने लोक, हे सगळे तिच्या वहीत असतात. कंपनीचा माणूस येतो, दोन-चार दिवस मशीन दाखवतो आणि जातो. त्या दिवसांत जो रात्रपाळीला होता त्याला कोण दाखवणार? आपल्याकडे त्याचे उत्तर "एकमेकांना विचारून घ्या" हे असते. तिथे तिच्याकडे यादी असते आणि यादीत खूण नसेल तर त्या माणसाला त्या मशीनवर एकट्याला लावता येत नाही.

आता कोणी म्हणेल, एक्स-रेमध्ये एवढे शिकवण्यासारखे आहे काय? बटण दाबायचे! मलाही तसेच वाटत होते. छातीचाच फोटो घ्या. रुग्ण प्लेटकडे तोंड करून उभा राहतो, हनुवटी वर, आणि खांदे पुढे ओढून घ्यायचे. का? तर पाठीची फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला जावीत म्हणून. खांदे ढिले राहिले तर हाडाची सावली फुप्फुसावर येते आणि डॉक्टर नसलेला डाग शोधत बसतो, किंवा असलेला डाग सावलीत लपतो. श्वास पूर्ण भरला नाही तर हृदय मोठे दिसते. किंचित वळून उभे राहिले तर श्वासनलिका एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. उजवे-डावे दाखवणारी शिशाची खूण फोटो काढतानाच ठेवायची. नंतर संगणकावर अक्षर टाकले आणि ते चुकले, तर पुढे सर्जनच्या हातून काय होईल ते सांगायला नको. हे पुस्तकात सगळे लिहिलेले असते. पण समोर सत्तर वर्षांचा दमेकरी आजोबा उभा आहे, त्याला ऐकू येत नाही, खांदा वर होत नाही, बाहेर तीस माणसे खोळंबली आहेत, तेव्हा हे सगळे एका मिनिटात कसे साधायचे ते पुस्तक सांगत नाही. ते शेजारी उभा असलेला अनुभवी माणूसच सांगतो.

एक उदाहरण तिने दिले ते मला फार पटले. पोटाचा किंवा कमरेचा फोटो काढण्याआधी बाईला विचारावे लागते की दिवस गेले असण्याची शक्यता आहे काय, शेवटची पाळी कधी आली. पुस्तकात ही एक ओळ आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा ही ओळ पाठ करून येतो. पण आपल्याकडे बाईबरोबर सासू असते, दीर असतो, कधी शेजारीण असते. मुलगा लाजतो, विचारतच नाही, किंवा सगळ्यांसमोर असे विचारतो की बाई मान हलवून मोकळी होते. त्या मुलाला कोणीतरी दाखवावे लागते की नातेवाइकांना आधी बाहेर बसवायचे, दार लावायचे, शक्य असेल तर सिस्टरला बोलवायचे, आणि का विचारतो ते आधी सांगून मग विचारायचे. याला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे कोणाच्या ड्युटीतून काढायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

शिकवण्याची गरज फक्त पोरांनाच असते असेही नाही. फिल्मचा काळ होता तेव्हा चूक लपत नव्हती. डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची, कमी झाला की फिक्की. डार्करूममधून बाहेर आलेली फिल्म हीच परीक्षा होती, आणि टाकाऊ फिल्म टोपलीत मोजता येत होत्या. आता सगळे डिजिटल झाले. संगणक चित्र उजळवतो, गडद करतो, डोळ्यांना नेहमी चांगलेच दिसते. डोस कमी पडला तर चित्र दाणेदार दिसते आणि डॉक्टर ओरडतो. डोस जास्त झाला तर चित्र उलट अधिकच सुरेख येते आणि कोणीच ओरडत नाही. परिणाम काय? माणसे नकळत थोडा थोडा डोस वाढवत जातात. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. मशीनच तशी सवय लावते. मशीनवर दर फोटोला एक आकडा उमटतो, त्यावरून डोस कमी-जास्त झाल्याचे कळते. पण तो आकडा वाचायला वीस वर्षे फिल्मवर काम केलेल्या माणसाला कोणीतरी, त्याचा मान राखून, शिकवले पाहिजे. गैरसमज नको म्हणून सांगतो, छातीच्या एका फोटोचा डोस अगदी थोडा असतो, निसर्गातून काही दिवसांत आपल्याला मिळतो तेवढाच. डॉक्टरने सांगितलेला फोटो कोणी भीतीने टाळू नये. पण फुकट गेलेले, पुन्हा काढावे लागलेले आणि गरजेपेक्षा जास्त किरण टाकून काढलेले फोटो वर्षभर साठत जातात.

मुलगी दर महिन्याला रद्द झालेल्या फोटोंचा हिशेब काढते. कोणत्या खोलीत, कोणत्या अवयवाचे, कशामुळे. गुडघ्याचे बाजूचे फोटो फार रद्द होत असतील तर ती त्या आठवड्यात गुडघ्याचा पाठ घेते. या यादीवर नावे नसतात. नावे घातली तर लोक रद्द फोटो दाबून टाकतील, हे तिला पक्के ठाऊक आहे. रेल्वेत आपण हेच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, पण आपल्याकडे चूक सापडली की आधी नाव विचारतात.

क्ष-किरणांचा शोध रॉन्टजेनने १८९५ च्या नोव्हेंबरात लावला. तेव्हा ते शिकवणारे कोणी नव्हतेच. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरन्स डॅली हा कामगार नळ्या तपासण्यासाठी स्वतःचाच हात किरणांत धरत असे. त्याचे हात जळले, कापावे लागले आणि १९०४ साली तो मेला. किरणांचे बळी ठरलेल्या अशा डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिकांचे स्मारक जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९३६ साली उभारले गेले. पहिल्याच दिवशी त्यावर दीडशेहून अधिक नावे होती. आज इतके उघड कोणी मरत नाही. किरण दिसत नाहीत, भाजत नाहीत, वास येत नाही. नुकसान झालेच तर पंधरा-वीस वर्षांनी होते आणि तेव्हा ते कोणत्या दिवसामुळे झाले हे सिद्ध करता येत नाही.

माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. कामाच्या जागी शिकवावे लागते आणि शिकवणाऱ्याला त्यासाठी मोकळा ठेवावा लागतो, हे तत्त्व रेल्वेला नवे नाही. नव्या सेक्शनवर जाणाऱ्या लोको पायलटला आधी लर्निंग रोडच्या खेपा कराव्या लागतात, त्यात रात्रीची खेपही असते, आणि रस्ता शिकल्याची सही केल्याशिवाय त्याला गाडी देत नाहीत. त्या खेपा ड्युटीत धरतात. लोको इन्स्पेक्टर फूटप्लेटवर जाऊन बसतो, ब्रेक कसा लावतो ते पाहतो, सांगतो, लिहून ठेवतो. प्रत्येक इन्स्पेक्टरकडे ठरावीक माणसे नेमून दिलेली असतात. घाटात गाडी उतरवताना शिकाऊ माणसाला "बघून बघून शीक" असे कोणी म्हणत नाही, कारण तिथे चूक झाली तर डबे दरीत दिसतात, टीव्हीवर दिसतात. जिथे अपघात डोळ्यांना दिसतो तिथे प्रशासन शिकवण्याची किंमत मोजते. एक्स-रेच्या खोलीत अपघात दिसत नाही, म्हणून तिथे "याला जरा बघा" एवढ्यावर भागते.

आमच्या परिचयाच्या एका रुग्णालयातली स्थिती सांगतो. नाव लिहीत नाही, कारण दहा ठिकाणी तेच चित्र आहे. मंजूर जागा भरलेल्या नाहीत. जे आहेत त्यांत काही कंत्राटी. बाहेर पी.एम.ई.वाल्यांची रांग, ओ.पी.डी.ची रांग, वॉर्डातून फोन. अशा ठिकाणी डिप्लोमाची दोन पोरे शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात ती बघतात. दुसऱ्या आठवड्यात रुग्णांना कपडे बदलायला लावतात, नावे लिहितात. महिनाभरात ती एकटी फोटो काढू लागतात, कारण सीनियर पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात गेलेला असतो. ती पोरे शिकत नसतात, रिकाम्या जागा भरत असतात. फुकटात. आणि प्रशासनाला हे सोयीचे असते, कारण रांग हलते आहे, म्हणजे जागा भरण्याची निकड नाही. आपल्या मागणीला सुरुंग लावायला दुसरे काय लागते?

त्याहून गंभीर गोष्ट बॅजची. किरणोत्सर्गात काम करणाऱ्याने छातीवर टी.एल.डी. बॅज लावायचा, लेड ॲप्रन घातला तर त्याच्या आत, आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जायचा. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही अशी आहे. ही मर्यादा पाळली गेली की नाही हे बॅजशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. शिकाऊ पोरांना अनेक ठिकाणी बॅज नसतो, कारण ती "आपली" नसतात. कायम माणसांचे बॅज काही ठिकाणी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेले असतात. खिळ्याने किती डोस घेतला ते मग तीन महिन्यांनी कळते.

आणि लहान मूल आले की कोण धरते? नियम असा की मशीनवरच्या कर्मचाऱ्याने धरू नये. आधी पट्टे-उशा वापराव्यात, त्याने भागले नाही तर घरच्या माणसाने ॲप्रन घालून धरावे. प्रत्यक्षात आई घाबरते, बाप सह्या करायला गेलेला असतो, मग आयाबाईला हाक मारतात. तीच आयाबाई सोमवारी, तीच बुधवारी, तीच शुक्रवारी. तिला बॅज नाही, तिचे नाव किरणोत्सर्ग कामगारांच्या यादीत नाही, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ती सफाई कामगार आहे. शिकाऊ मुलगा पहिल्याच आठवड्यात हे पाहतो आणि मूल धरायची पद्धत हीच असे समजून पुढची तीस वर्षे आयाबाईला हाक मारतो. चांगले शिकवले नाही म्हणून शिकणे थांबत नाही. वाईट तेवढे शिकले जाते.

या प्रश्नाला आता कायद्याचाही आधार आहे. संसदेने २०२१ साली सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ येतात. सहयोगी व्यावसायिकाला किमान २००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचे शिक्षण त्या कायद्याने ठरवले, आणि नोंदणीपुस्तकाची तरतूद केली. चांगले झाले. पण या तासांतले कितीतरी तास रुग्णालयाच्या खोल्यांत, कोणा ना कोणा कर्मचाऱ्याच्या शेजारी उभे राहून भरायचे आहेत. त्या कर्मचाऱ्याचे तास कोण मोजणार? विद्यार्थ्याचा तास मोजला गेला आणि त्याच तासाला त्याला शिकवणाऱ्याचा तास मोजला गेला नाही, तर तो तास कागदावरच राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, आहेत त्या जागा भरत नाहीत आणि तुम्ही नवे पद कुठून मागता? मी म्हणतो, म्हणूनच मागतो. शिकवण्याचे तास कागदावर आले की कामाचा खरा भार दिसतो, आणि मग जागा किती कमी आहेत तेही दिसते. काही ज्येष्ठ लोकांचे म्हणणे वेगळे: विद्या दिल्याने वाढते, तिचा भत्ता कसला मागायचा? भावना चांगली आहे. पण प्रशिक्षण केंद्रात नेमलेल्या शिक्षकाला सरकार ट्रेनिंग भत्ता देते, आणि तो घेताना कोणाला कमीपणा वाटत नाही. तीच विद्या मशीनसमोर उभे राहून, रांग सांभाळत दिली की ती धर्मादाय का व्हावी?

एक शंका मात्र मला खरी वाटते, आणि ती मी मुलीलाही विचारली. जो शिकवतो तोच शेरा मारतो, तर शिकणारा त्याला आपले अज्ञान दाखवील कशाला? लोको इन्स्पेक्टरच्या बाबतीत आपला अनुभव काय आहे? कोणी बापासारखा असतो, आणि कोणी फूटप्लेटवर चढला की पायलटचे हात आखडतात. ती म्हणाली, तिथेही ही अडचण आहे. विद्यार्थ्याच्या परीक्षेचे निकष आधीच छापील असतात, कच्चा असेल तर त्याला लवकर सांगून सुधारण्याचा लेखी आराखडा द्यावा लागतो, शेवटच्या दिवशी नापासाचा धक्का देता येत नाही, आणि विद्यापीठाचा माणूस मध्ये असतो. तरीही काही शिक्षक वाईट वाटते म्हणून कच्च्या मुलाला पास करून टाकतात. म्हणून आपल्याकडे हे पद मागताना युनियनने एक अट आधीच घातली पाहिजे: शिकवताना दिसलेली चूक शिस्तभंगाच्या कारवाईत पुरावा म्हणून वापरायची नाही. ही अट मान्य नसेल तर नवा पर्यवेक्षक नेमल्यासारखेच होईल, आणि पर्यवेक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत.

इंग्लंडमध्ये सगळे आलबेल आहे असा माझा समज नाही. माणसे कमी पडली की प्रॅक्टिस एज्युकेटरलाच पहिल्यांदा मशीनवर उभे करतात आणि शिकवणे पुढच्या आठवड्यावर जाते. मुलीचे स्वतःचे कित्येक दिवस असे गेले. तिथे २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांची सरकारी शिष्यवृत्ती बंद झाली आणि मुले कर्ज काढून फी भरू लागली. २०२० पासून वर्षाला ५००० पौंडांची मदत सुरू झाली खरी, पण फी तशीच राहिली. २०२३ च्या जुलैत तिथले रेडिओग्राफर पगारासाठी आणि अपुऱ्या मनुष्यबळाविरुद्ध संपावर गेले. त्यांची संघटना, सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स, १९२० ची आहे. ती ट्रेड युनियनही आहे आणि धंद्याचे शास्त्र सांभाळणारी संस्थाही आहे. प्रॅक्टिस एज्युकेटरला मान्यतेचे प्रमाणपत्र देण्याची योजनाही तिच्याच कॉलेजकडून चालते. संप करणारे आणि शिकवण्याचा दर्जा ठरवणारे एकाच छपराखाली! आपल्याकडे युनियनने कामाच्या दर्जाबद्दल तोंड उघडले की ते प्रशासनाचे काम आहे असे ऐकवले जाते, आणि बरेचदा आपणही ते ऐकून घेतो.

टपालातल्या साथींना हे दूरचे वाटू नये. २०२५ साली ए.पी.टी. ही नवी संगणकप्रणाली देशभर लागू झाली, तेव्हा काउंटरवर रांग उभी असताना शेजारच्या खिडकीवरच्या बाईने किंवा बाबूने किती जणांना शिकवले, ते आठवून पाहा. आर.एम.एस.मध्ये सॉर्टिंगच्या केसपुढे नवा माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्या हाताला वेग कोण देतो? ग्रामीण डाकसेवकाच्या हातात यंत्र देऊन त्याला कोणाच्या भरवशावर गावी पाठवतात? त्या शिकवण्याचा एक तास तरी कोणाच्या कामाच्या हिशेबात धरला गेला असेल तर जरूर कळवा. मला आनंद होईल.

आमच्या शाखेने विभागीय पी.एन.एम.साठी विषय लिहून दिला आहे. एक्स-रे विभागात शिकाऊ माणसे असतील त्या काळात एका ज्येष्ठ रेडिओग्राफरला रोज ठरावीक तास फोटोंच्या रांगेतून मोकळे करावे आणि ते तास रोस्टरवर दाखवावेत. शिकाऊ माणसाला मनुष्यबळात मोजू नये. बॅज नसलेल्या कोणालाही, मग तो विद्यार्थी असो, कंत्राटी असो की आयाबाई असो, किरणांच्या कामाला लावू नये. शिकवणाऱ्याला प्रशिक्षण केंद्रातल्या शिक्षकाप्रमाणे भत्ता द्यावा. प्रशासनाचे उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे: असे पद मंजूर नाही. म्हणून त्याच अर्जात आम्ही आणखी एक माहिती लेखी मागितली आहे. पद मंजूर नसताना गेल्या वर्षभरात आलेल्या शिकाऊ मुलांना कोणी शिकवले, कोणत्या तारखांना, आणि त्या तासांत त्या कर्मचाऱ्याची ड्युटी कुठे दाखवली होती.